पहिल्याच रिंगला

सोमवार, ४ मार्च

आजपासून रोजनिशी लिहायची. पुढे कोणी विचारलंच की हे सगळं कसं साधलंत, तर तारीखवार पुरावा हाताशी असावा. वाचणार अर्थात कोणी नाही. तरी असावा.

आज साहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं. आपले पंप आता परदेशात जाणार. त्यासाठी परदेश विभाग निघणार. विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन, एक फिरती खुर्ची आणि जिन्यासमोरची काचेची केबिन. १८ तारखेला बाहेरची पार्टी येणार. आल्यावर आणि त्याआधीही ते कधीही, कुठल्याही एक्स्टेन्शनवर फोन करून बघतील. फोनवर कोण कसा बोलतो, त्यावर खुर्ची कोणाची ते ठरेल.

उमेदवार दोन. एक मी. तक्रार विभाग, बावीस वर्षं. दुसरी रिसेप्शनवरची बोलाबाई. हे नाव मीच ठेवलेलं. फोन उचलला की ती नुसतं "बोला" म्हणते. ना गुड मॉर्निंग, ना कंपनीचं नाव. बोला!

केबिन माझी झाल्यात जमा आहे.

घरी सांगितलं. ही म्हणाली की आधी घरातला वाजणारा फोन उचलायला शिका. मी सोफ्यावर आणि फोन हाताशी, तरी ती म्हणे कणकेच्या हातांनी धावत येते. घरचा फोन आणि प्रोफेशनल फोन यांतला फरक तिला समजावून सांगत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तिनेच उचलला.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर रिसर्च. (तक्रारी आल्या सात. उद्या बघू.)

जगात सगळे "हॅलो" म्हणतात हा आपला अडाणीपणा आहे. तक्ता केला, ड्रॉइंग शीटवर, चार रंगांत:

१. इटालियन: "प्रोंतो". म्हणजे तयार आहे.
२. जपानी: "मोशी मोशी". दोनदा म्हणायचं, एकदा नाही.
३. जर्मन: नुसतं आपलं आडनाव. खाडकन.
४. स्पॅनिश: "दिगा". म्हणजे बोला.
५. रशियन: "स्लूशायू". म्हणजे ऐकतोय.
६. ग्रीक: "एम्ब्रोस". म्हणजे चला, पुढे.

तक्ता टेबलासमोर भिंतीवर लावला. बोलाबाई पाणी प्यायला आली तेव्हा वाचत उभी राहिली. मी म्हटलं की सवडीने वाचा, घाई नाही. तिने विचारलं की फोन करणारा कुठला आहे हे उचलायच्या आधी कसं कळणार. शंका काढणाऱ्यांची प्रगती होत नाही ती अशी.

बुधवार, ६ मार्च

तरी तिच्या शंकेवर विचार केला. उपाय: वारांप्रमाणे भाषा. सोमवार जर्मन, मंगळवार स्पॅनिश, बुधवार ग्रीक, गुरुवार इटालियन व जपानी आलटून पालटून, शुक्रवार रशियन, आणि रशियन दमवणारं असल्यामुळे घसा बसला तर जर्मन. शनिवार-रविवार उजळणी.

आज ग्रीक. पहिलाच फोन एका प्लंबरचा. "एम्ब्रोस" म्हटल्यावर त्याने घाबरत विचारलं की हा पंपवाल्यांचाच नंबर ना. मी पुन्हा "एम्ब्रोस" म्हटलं, जरा हसून. त्याने फोन ठेवला आणि रिसेप्शनला केला. बोलाबाईने त्याचा वॉशर दोन मिनिटांत शोधून दिला.

सुरुवातीला असं होणारच. गिऱ्हाइकांना वळण लागायला वेळ लागतो.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ७:००

अण्णांची रिंग आली. नेहमीप्रमाणे एक, आणि बंद.

याचा खुलासा एकदा लिहून ठेवतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावी एकटे असतात. वय एक्याऐंशी. आई गेली तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे या. ते म्हणाले, नाही. मी जरा आवाज चढवला, त्यांनीही चढवला, आणि दोघंही बोलू नये ते बोललो. त्यानंतर त्यांनीच नियम घातला: रोज सकाळी सातला एक रिंग देईन. म्हणजे मी ठीक आहे. तू उचलायचा नाहीस. म्हणजे तू ठीक आहेस. उचललास तर समजेन की तिकडे काहीतरी झालंय.

चार वर्षं झाली. एक दिवस चुकलेला नाही. वर्षातून एकदा मी जाऊन येतो. दोघं ओसरीवर बसतो आणि पेपर वाचतो. फोनवर मात्र चार वर्षांत एक शब्द नाही. व्यवस्था दोघांनाही सोयीची आहे.

त्यांच्याकडे दोनच नंबर, फोनशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले. एक माझा मोबाइल, एक ऑफिस. हिचाही लिहायला घेतला होता, पण शेवटचा आकडा स्विचबोर्डच्या आड आला म्हणून राहिला.

संकल्प: यापुढे प्रत्येक फोन पहिल्याच रिंगला उचलायचा. रिंग संपू द्यायची नाही. प्रोफेशनल माणूस असा ओळखू येतो.

रविवार, १० मार्च

प्रॅक्टिस. हिला म्हटलं, तू स्वयंपाकघरातून फोन लावत जा, मी दिवाणखान्यात उचलतो. पहिल्या चार वेळा लावला. पाचव्यांदा मी "मोशी मोशी" म्हटल्यावर तिने विचारलं की मोशी मोशी, डाळ संपली आहे, आणता का. मी जपानीतून बाहेर आलो नाही. डाळही आली नाही.

संध्याकाळपर्यंत वेळ सहा दशांश सेकंदावर आणला. हात आता आपोआप जातो. कुकरची शिट्टी झाली तरी जातो.

मंगळवार, १२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत केबिनचं माप घेतलं. टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवावं लागेल. स्वतःच्या खर्चाने एक कुंडी आणली, रुंद पानांची, आणि आत्ताच केबिनमध्ये नेऊन ठेवली. झाडाला जागेची सवय लागायला हवी.

स्टोअरकीपरने विचारलं की ऑर्डर निघाली का. मी नुसता हसलो.

परतलो तर साहेब माझ्या टेबलापाशी उभे. म्हणाले, तक्रारी निम्म्यावर आल्यात, काय केलंत? मी तक्त्याकडे बोट दाखवलं. रिसेप्शनकडचे फोन दुप्पट झालेत असंही काहीतरी म्हणाले, पण तो वेगळा विभाग आहे.

गुरुवार, १४ मार्च. सकाळी ७:००

फोन वाजला आणि माझा हात गेला. अर्ध्या रिंगेत उचलला. "प्रोंतो!" म्हटलं, आवाज पोटातून काढून.

पलीकडे कोणी बोललं नाही. मग कट.

स्क्रीन बघितली तेव्हा कळलं की अण्णांची रिंग होती. सवयीने झालं, दुसरं काय. लगेच पुन्हा वाजला. म्हणजे हात पुन्हा गेला. "मोशी मोशी." गुरुवार असल्यामुळे आलटून पालटून. पुन्हा कट.

ही दारात उभी होती. म्हणाली, नियम काय होता तुमचा? लावा आधी त्यांना फोन आणि सांगा की सगळं ठीक आहे. मी म्हटलं की मी फोन केला तर नियम दोनदा मोडेल. शिवाय आवाजावरून त्यांनी मला ओळखलंच असणार, आणि मुलगा किती पुढे गेलाय हे ऐकून बरंही वाटलं असेल.

आठची बस गाठायची होती.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी ७:००. रिंग. ठरवलं होतं उचलायचं नाही. हाताला कळलं नाही. "स्लूशायू." पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. कट.

ऑफिस, ११:२०. अखेर चाचणीचा फोन आला!

खात्रीच आहे. घसा बसल्यामुळे जर्मनवर आलो होतो. रिंग होताच उचलला आणि खाडकन आडनाव सांगितलं. पलीकडून एक म्हातारा, बोबडा आवाज म्हणाला, हो, मीच बोलतोय, काय झालं? म्हणजे माझंच आडनाव त्याने स्वतःचं म्हणून सांगितलं. काय डोकं असतं या लोकांचं! मी पुन्हा आडनाव सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, हो हो, मीच, काय झालंय ते सांगा, कोणाला लागलंय का? इमर्जन्सीत सापडलेला वयस्कर ग्राहक कसा हाताळता, ते बघत होते हे उघड आहे. मराठी उत्तम. नक्की माणूस नेमला असणार.

मी जराही गडबडलो नाही. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणून होल्डवर टाकला. होल्डची ट्यून परदेशी माणसांना आवडते असं वाचलंय. अकरा मिनिटं ठेवला. मधूनमधून आत डोकावून आडनाव सांगत होतो. शेवटी त्यांच्याकडून कट झाला.

घरी येताना कुंडीला पाणी घातलं. केबिनच्या काचेत स्वतःला बघितलं. शोभतो.

शनिवार, १६ मार्च

सातला रिंग नाही.

सव्वासातला नाही. साडेसातलाही नाही. हिने चहा पुढे ठेवला, आणि चहाशेजारी फोन. म्हणजे बरंच काही बोलली.

कारणं: १. लाइन बंद असेल. २. झोप लागली असेल. ३. रागावले असतील, आणि रागावण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मी फोन लावावा का? लावला असता. पण फोन लावायचा म्हणजे उचलल्यावर काहीतरी बोलायला हवं, आणि चार वर्षांनी पहिलं वाक्य कुठलं म्हणायचं हे तक्त्यात नाही. सोमवारी खुर्ची मिळाली की मग लावतो. सांगण्यासारखं काहीतरी असेल.

रविवार, १७ मार्च

सातला रिंग नाही.

हिने स्वतः लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नऊ वाजेपर्यंत अकरा वेळा. कोणी उचलत नाही. मी म्हटलं, फिरायला गेले असतील. ही म्हणाली की एक्याऐंशी वर्षांचा माणूस दोन तास कुठे फिरतो. मी म्हटलं, निवांत फिरत असतील. त्यावर ती आत निघून गेली.

मला काळजी वाटत नाहीये. पहाटे साडेचारला जाग आली ती कबुतरांमुळे.

दुपारी मी पण लावला. सहा वेळा. घरात फोन कसा वाजत असेल ते डोळ्यांसमोर येत राहिलं. तो कोपरा, ती भिंत, माझा नंबर. उद्या पार्टी आटोपली की तिथूनच गाडी पकडायची. बॅग भरून दाराशी ठेवली. तक्त्याची उजळणी केली नाही. एवढी गरजही नाही म्हणा.

सोमवार, १८ मार्च. रात्री ८

जसं झालं तसं लिहितो.

सातला रिंग नाही. ऑफिसला गेलो ते बॅग घेऊनच. मागच्या गेटने, कारण बसस्टॉप तिकडे आहे. पावणेदहाला पार्टी आली, कोट घातलेले दोघं. साहेब त्यांना वर घेऊन गेले. म्हणाले, आता थोड्या वेळात फोन येईल, तयार राहा. मी तयार होतो. इस्त्रीचा शर्ट. घशाला खडीसाखर.

दहा पन्नास. फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. आणि माझ्या तोंडून काय निघालं तर: अण्णा? अण्णा, काय झालं? कुठे आहात?

चार रंगांतला तक्ता समोर होता. एक शब्द दिसला नाही.

पलीकडे कोणीतरी इंग्रजीत सॉरी म्हणालं आणि फोन ठेवला. ते कोटातले पाहुणे होते. वरच्याच मजल्यावरून.

मी तसाच रिसीव्हर धरून बसलो होतो, तेवढ्यात बोलाबाई आली. म्हणाली की रिसेप्शनमध्ये एक आजोबा साडेनऊपासून बसलेत. तुमचे वडील आहे म्हणतात. तुम्हाला कामात त्रास देऊ नका, फक्त तो धड आहे का तेवढं बघून या, असं सांगतायत. मीटिंग होईपर्यंत थांबतो म्हणाले होते, पण मला राहवेना. चहा दिलाय.

अण्णा सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. पायांत दोन वेगळे मोजे. मला बघून उठले, खांद्यापासून मनगटापर्यंत माझा हात चाचपला, मग दुसरा. म्हणाले, आहेस ना सगळा. नवी कवळी बसवली आहे, त्यामुळे सगळे शब्द जरा बोबडे येतात.

मग हळूहळू कळलं. गुरुवारी फोन उचलला गेला म्हणजे काहीतरी झालंय हे त्यांनी ओळखलं. पण उचलणारा भलताच होता. पुन्हा केला तर आणखी दुसराच. शुक्रवारी तिसरा, खोल आवाजाचा. म्हणून धीर करून ऑफिसला लावला, तर कोणीतरी आपलंच आडनाव ओरडून सांगतंय. पोलीस असतील किंवा हॉस्पिटल, असं त्यांना वाटलं. मग आत वाजंत्री सुरू झाली, आणि मधेमधे पुन्हा आडनाव. अकरा मिनिटं ते उभ्यानेच ऐकत होते, कारण तिथे खुर्ची नाही. शनिवारी टेलिफोन ऑफिसात जाऊन तक्रार लिहून दिली की मुलाचा फोन परक्या लोकांनी बळकावलाय. काल पहाटे निघाले. दोन गाड्या बदलल्या. आमचं नवं घर त्यांनी बघितलेलं नाही, ऑफिसचा पत्ता तेवढा पाठ होता.

विचारलं, कोण होते रे ते सगळे?

मी म्हटलं, लाइन खराब होती.

मला फार वाईट वाटलं. आजवर कधी वाटलं नव्हतं इतकं. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. त्या शुक्रवारच्या फोनवर मी माझ्या बापाचा आवाज ओळखला नाही.

खुर्ची बोलाबाईला मिळाली. तिलाही फोन आला होता. अण्णांना पाणी देता देता तिने उचलला आणि "बोला" म्हणाली. पाहुण्यांनी साहेबांना या शब्दाचा अर्थ विचारला. तो कळल्यावर एकाने टेबलावर हात मारला. म्हणाला, आमच्या घरी माझी आई फोन उचलल्यावर हेच म्हणते.

घरी येऊन रोजनिशीत उतरवलेल्या तक्त्यातली ओळ चार बघितली. "दिगा. म्हणजे बोला." तक्ता बरोबरच होता.

मंगळवार, १९ मार्च

रजा. अण्णांनी सगळं घर बघितलं, नळसुद्धा सोडून बघितले. हिच्याशी तासभर गप्पा मारल्या. माझ्याशेजारी बसून पेपर वाचला. हिने आपला नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या पिशवीत घातला आणि सांगितलं की भिंतीवर नको, दारावर चिकटवा.

दुपारच्या गाडीत बसवून आलो. मी म्हटलं, राहा की चार दिवस. ते म्हणाले, नाही. या वेळी कोणीच आवाज चढवला नाही. गाडी हलताना खिडकीतून म्हणाले, सातला देईन. उचलू नकोस बाबा. परत एवढं येववत नाही.

बुधवार, २० मार्च

७:०० रिंग. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. उचलला नाही.

ऑफिसमध्ये केबिनमधून कुंडी आणायला गेलो. बोलाबाई म्हणाली की न्या, पण इथे ऊन चांगलं येतं, कालच नवीन पान फुटलंय. तिथेच ठेवली. पाणी मीच घालणार आहे. तक्ताही मागितला तिने, तिच्या कामाला येईल म्हणाली. दिला. घडी पडू नये म्हणून गुंडाळून दिला.

साहेबांनी बोलावून सांगितलं की तक्रार विभागात फोन उचलल्यावर एवढंच म्हणायचं, तक्रार विभाग.

गुरुवार, २१ मार्च

७:०० रिंग. उचलला नाही.

७:०५. मीच लावला. नियमात मी फोन करू नये असं कुठेही म्हटलेलं नाही, हे आत्ता लक्षात आलं. ही शेजारी येऊन उभी राहिली. पाच रिंगा झाल्या. मग अण्णांनी उचलला. जगात कोणी प्रोंतो म्हणतं, कोणी मोशी मोशी. अण्णा फोन उचलून म्हणतात: काय झालं?

मी म्हटलं, काही नाही. सहज.

मग म्हणाले, बरं मग ठेव.

ठेवला. एकूण कॉल एकोणीस सेकंद. उद्या पंचवीसपर्यंत न्यायचा विचार आहे.